नकली पाडेली

सुमंगला : परत एकदा सांग गो. आज चार वाजता हे नीट चाललं, तर आपल्या पदरात काय काय?

गौरवी : आई, सकाळपासून तेच!

सुमंगला : ऐकायला बरं वाटतं. सांग.

गौरवी : साहेबांना वेबसाइट पटली तर पुढचं सगळं काम माझ्याकडे, आणि तेही इथूनच, पेडण्यातून. नाही पटली तर सामान बांधायचं, पुण्याच्या ऑफिसात.

सुमंगला : म्हणजे तुला आयतं जेवण, धुतलेले कपडे आणि दुपारची झोप. मला काय, तर तुझी कटकट. तरी नफा माझाच धरते हो मी. आता ती साइट करते काय ते मला सांग, मी साहेब आहे असं समज.

गौरवी : बरं, साहेब. माड आहेत, नारळ तयार आहेत, पण वर चढून ते उतरवायला पाडेली मिळत नाही. लोक फोन करकरून थकतात. आता साइटवर पाडेली निवडायचा, वेळ टाकायची, की त्याच्या मोबाइलवर मेसेज. आपला बाबलीही आहे त्यात. आणि सगळ्या टेस्ट हिरव्या, बघ.

सुमंगला : हिरव्या म्हणजे पास ना? मग माडावर चढलं कोण?

गौरवी : कोणी नाही. खऱ्या पाडेलीची नोंद डेटाबेसात असते. प्रत्येक टेस्टला ती उघडत बसलं तर वेळ जातो, म्हणून मॉक मॉडेल घेतलं. नकली पाडेली म्हण. ‘मोकळा आहेस का?’ विचारलं की म्हणतो, मोकळा.

सुमंगला : नेहमी?

गौरवी : तेवढंच शिकवलंय त्याला.

सुमंगला : असा नवरा मला का नाही मिळाला! दे तो फोन. आपले नारळ सुकून खडखडायला लागलेत. हं, बाबली, आज दुपारी तीन. घेतलं हो! आता शेजारच्या जानकीसाठीपण टाकते, उद्या तिच्याकडे बारसं आहे. बाबली, आज, तीन… हेही घेतलं. छान चालतंय.

गौरवी : काय घेतलं?

सुमंगला : दोन्ही.

गौरवी : एकाच वेळी? बघू, बघू… अगो आई, मेले मी!

बाबली : वयनीनू! घरात आसास? माजो मोबाइल पिसाळलो काय? तीनाक तुमच्याकडे, तीनाकच जानकीबायकडे. देवान पाय दोन दिले ते खरे, पण एक ह्या माडार आणि एक त्या माडार ठेवचो कसो?

सुमंगला : ये, बाबली, बस. चहा घे, सोबत उंडो पावपण आहे. आमच्या बायच्या कॉम्प्युटरला तुझी हौस जरा जास्त झाली.

गौरवी : हसू नका गो! साहेब हेच पहिलं करून बघणार. नकली तो नेहमी मोकळाच. खरा एकदा कामाला लागल्यावर दुसऱ्याला ‘नाही’ म्हणतो का, हे मी कधी तपासलंच नाही. ती अडवणूक लिहिलेलीच नाही मी, आणि टेस्ट मात्र सगळ्या हिरव्यागार.

सुमंगला : म्हणजे आपल्या देवळातल्या नाटकासारखं झालं. नायिका भाड्याची, ती येणार शेवटच्या तालमीला. तोवर तिची वाक्यं गावातला रुद्रेश वाचतो, मिशीसकट. ते वर्ष आठवतं, बाबली?

बाबली : आठवता मां! नायक म्हयनोभर त्या मिशयेक ‘प्रिये’ म्हणा होतो. खंय म्हणान अडलो नाय.

सुमंगला : आणि खरी आली, नुसती हसली त्याच्याकडे बघून, तर ह्याची वाचाच बसली.

गौरवी : मग काय, रुद्रेशला काढून टाकायचं?

सुमंगला : कशाला? रोज नायिका कोणाला परवडते? त्याचं काम त्यानं करावं. पण पडदा वर जायच्या आधी एकदा तरी खरीबरोबर उभं राहायला नको?

गौरवी : तेवढीच तालीम राहिली माझी. थांबा. टेस्टच्या वेगळ्या डेटाबेसात एक पाडेली खरोखरचा नोंदवते. त्याला एकदा बोलावते… त्याच वेळेला दुसऱ्या घरी बोलावते… दुसऱ्याला साइटनं नाही म्हणायला हवं… लाल!

बाबली : लाल म्हणजे गेला काय सगळा?

गौरवी : नाही, बाबलीकाका, आता कुठे बरं लाल झालं. चूक निदान दिसली तरी. आता अट घालते. आई, बोलू नकोस.

सुमंगला : मी कुठे बोलते? बाबली, तू तीनाला जानकीकडेच जा. बारशाचं घर, नारळाशिवाय कसं चालेल?

बाबली : आणि तुमचो नंबर? आता पंधरा दिवस माका सवड नाय. तुमच्या माडावरचे नारळ आपणच पडतले.

सुमंगला : पडू देत. आज आमचं ध्यान वर नाही.

गौरवी : हिरवं! आई, हिरवं झालं! आणि ह्या वेळी खरं.

(संध्याकाळी, घराच्या सोप्यावर.)

सुमंगला : तोंड उघड आता. जीव टांगून ठेवलास माझा.

गौरवी : साहेबांनी मुद्दाम एकाच वेळेला दोन घरं टाकली. पहिलं घेतलं. दुसऱ्याला साइट म्हणाली, हा पाडेली त्या वेळी कामावर आहे, दुसरी वेळ निवडा. साहेब हसले.

सुमंगला : हसले ते कळलं. पुढे?

गौरवी : पुणं नाही.

सुमंगला : (पदर डोळ्यांना लावते.)

गौरवी : आई? रडतेस की काय?

सुमंगला : चूल धुमसते आहे आत. अगो, हा कसला आवाज?

गौरवी : मागे झाला. थांब, बघते… नारळ पडला गो, न्हाणीवर. कौल फुटलं. बाबलीकाका तीनाला आपल्याकडे आले असते तर वाचलं असतं.

सुमंगला : असू दे. जानकीकडच्या बारशाला नारळ झाले, बाबलीच्या पोटात उंडो गेला, तुझ्या साहेबाला वेळ पाळणारे पाडेली मिळाले आणि तुला पेडणे.

गौरवी : आणि भुर्दंड तेवढा तुला.

सुमंगला : एका कौलाचा. शिडी आण आणि खालून धर. आहेस ना आता घरात.