सगळ्यात पातळ नळीची सायकल

सायकलच्या फ्रेमची स्टीलची नळी किती पातळ असावी, यावर मी मोबाइलवर तीन महिने घालवले बघा. शेवटी सगळ्यात पातळ नळीची, म्हणजे सगळ्यात महागडी सायकल घेतली आणि मिरवायला परभणीहून थेट बोरीला मामांकडे गेलो.

मामांनी बोरचा पाइप वाजवावा तशी नळी टिचकीनं वाजवली. "लय पातळ हाय. फसवलं तुला."

"मामा, पातळ म्हणजे वजनाला हलकी, म्हणूनच महाग हाय."

मी जेवून आडवा झालो. उठलो तर सायकल गायब.

तासाभरानं मामा ती ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडणाऱ्या वेल्डरकडून ढकलत आले. प्रत्येक नळीला जाड लोखंडी पट्टी ठोकलेली.

"दुकानदारानं खाल्लेलं लोखंड सगळं भरून आणलं बघ."