दादांची रेकॉर्ड, पक्ष्यांचं कव्हर

हॅलो?… हो, मीच. माझ्या फोनवर दुसरं कोण असणार… पोचलो. केव्हाच पोचलो… जुन्या सामानाच्या दुकानात माणूस काय करतो? खाली वाकलोय आणि उठता येत नाहीये.

नाही, अजून नाही सापडली. अगं, खोकी आपलीच आहेत. तू पाठवलीस तशी दोन्ही ठेवलीयेत, इस्त्रीच्या टेबलाखाली, बुटांना लागून. एकावर तुझ्या अक्षरात 'चांगलं सामान' लिहिलंय… दुकानदारांनी त्यातलं 'चांगलं' खोडलंय.

हळू बोल ना… बाहेर ऐकू जातं. दुकानात गरज दाखवायची नसते, लगेच भाव चढतो. मी सांगितलंय, पडदे बघायला आलोय… दाखवले की त्यांनी. एक बरा आहे. घ्यायचा का?… बरं. नाही घेत.

हो… हो… अगं ऐक ना. दादा जेवायला येणार, माहीत आहे. सकाळपासून तेच ऐकतोय. तुझा भाऊ येणार आणि चप्पल काढायच्या आधी ती रेकॉर्ड मागणार, तेही माहीत आहे… परवा फोनवर म्हणालेच ना, क्लॅरिनेट विकलं, आता वाजवलेलं तेवढंच उरलंय. आणि तू लगेच म्हणालीस, मी अगदी जपून ठेवलीये.

ठेवली होतीस गं. मी कुठे नाही म्हणतोय. प्लेअर बंद पडला म्हणून दोन खोकी देऊन टाकलीस, पण तेवढी बाजूला काढलीस. कव्हर पुसलंस, पिशवीत घातलंस, साड्यांखाली ठेवलंस. आत काय आहे ते बघितलं नाहीस, एवढंच.

कोणाची सवय?… बरं, माझी. पण त्यात सोय होती. एक रेकॉर्ड उतरवली, दुसरी चढवली, की दुसरीचं रिकामं कव्हर हातातच असतं. उतरवलेली त्यातच सरकवायची. उठायला नको, शोधायला नको… बेशिस्त कसली? प्रत्येकीला छप्पर मिळत होतं. आपलं नाही, शेजारणीचं मिळत होतं.

उघडून बघतोयच ना एकेक. 'बाळाची झोप'मध्ये लष्कराचा बँड निघालाय… हो, म्हणूनच आपली दोन्ही मुलं अजून पहाटे उठतात.

संपली. दोन्ही खोकी संपली. दादा नाहीत… अगं, रडवेलं होऊन काय मिळणार आहे? तसं नको करू. त्यांनी तुला दिली तेव्हा काय म्हणाले होते? मला कशाला, मी रोज वाजवतोच. तेव्हा हात धड होता. आता मागतायत, तर द्यायला हवी, एवढं मलाही कळतं. वाकलोय ते उगीच नाही.

आता असं कर. दादांच्या कव्हरात आज काय निघालं?… नीट वाच… 'घरच्या घरी व्यायाम, भाग पहिला.' म्हणजे त्या दिवशी आधी तुझा व्यायाम, मग दादा. आणि दादांनंतर जे लावलं, त्याच्या कव्हरात दादा. ते काय, तेवढं आठव…

मला कसं आठवणार? व्यायाम तू करायचीस, मी बघायचो… हं… हं… कंबर वाकवा, श्वास सोडा, आणि फोन वाजला… वहिनींचा. दादांच्या हाताचा… हो. आठवलं. तू वाकलेलीच राहिलीस. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं वाकूनच ऐकलंस. डाव्या हाताची बोटं आता वळायची नाहीत म्हणाले.

मग म्हणालीस, दादांची लाव. मी लावली. थोडी वाजली आणि म्हणालीस, काढ ती, दुसरं काहीही लाव. मी हाताला आलं ते लावलं… काय होतं गं?… पक्षी. बरोबर. 'आपल्या अवतीभवतीचे पक्षी.' हिरवं कव्हर, वर ते रागावलेलं घुबड.

खोक्यात नव्हतं घुबड… थांब. थांब जरा… आहे. घुबड आहे. एका गृहस्थांच्या काखेत आहे.

मगाचपासून माझ्या पुढेच आहेत ते. टॉर्च घेऊन आलेत. दोन बोटांनी भराभर चाळतात आणि प्रत्येक रेकॉर्डवर उजेड मारून चरे बघतात… नाही, वाचत नाहीत. चरेच बघतात.

फोन धर… अहो, माफ करा. ते घुबड… नाही, पक्षी मला नकोत. तुम्ही घ्या पक्षी. मला आतलं हवंय… आत पक्षी नाहीत. बघा तर खरं… नाव वाचा, मधल्या गोल कागदावर… हो, बँडच आहे. हॉटेलातला बँड. त्यातलं क्लॅरिनेट आमच्या घरातलं… म्हणजे मेहुण्यांचं.

अगं, आहे. तीच आहे… हो, हातात आहे… त्यांच्या हातात. सोडत नाहीयेत. फार वर्षं पक्षी शोधतायत म्हणे. आता त्यांचा चेहरा घुबडासारखा झालाय. विचारतायत, पक्षी कुठे आहेत?

मी पण तेच म्हणतोय. पक्ष्यांनंतर काय लावलं आपण?… काहीच नाही?… का?… हो की गं. प्लेअरचा पट्टा तुटला. सुतारपक्षी मध्येच जो बसला तो बसला. आणि पुन्हा कोणी झाकण उघडलंच नाही…

अगं, मग प्लेअरवरची कुंडी उचल… उचल गं, मी सांगतो म्हणून… खालचं कापड काढ. झाकण उघड… काय दिसतंय?… वाच… पक्षी. शाबास.

अहो, तुमचे पक्षी सापडले. आमच्या प्लेअरवर बसलेत… नाही, चरे नसतील. कुंडीखाली होते. संध्याकाळी घरी या आणि घेऊन जा. ही मला द्या… मग आत्ताच चला… हो, जेवायलाच या. अगं, हे जेवायला येतायत… मी कुठे बोलावलं? घुबडाने बोलावलं.

काय वाजलं?… बेल?… दादा? इतक्यात?… जेवायला बोलावलं की चहाला येतात, आधीपासूनच… जा, उघड. फोन चालू ठेव. आणि ती व्यायामाची आधी लपव…

हं. बोल… बघितलीच? स्वतःच हात घातला कव्हरात?… काय म्हणाले?… नुसती परत आत घातली?… एका हाताने… आणि आता खिडकीशी बसलेत… पाणी नको म्हणाले?… अगं, मग सांग ना, मिळालीये म्हणून…

पटत नाहीये. म्हणजे तू समजूत काढतेयस असं वाटतंय त्यांना… मी घेऊन आलो तरी काय, आपल्या प्लेअरचा पट्टा तुटलेलाच आहे. नुसती बघून काय करणार? थांब. फोन स्पीकरवर टाक आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेव.

अहो दुकानदार, तो प्लेअर चालतो का?… खोटं सांगितलं मगाशी. पडदे नकोत… हो, गरज आहे. खूप आहे. भाव काय लावायचा तो लावा, पण आधी ही लावा.

दादा, नमस्कार… नाही, चेष्टा नाही. मी दुकानात उभा आहे. कव्हर तुमच्या हातात आहे ना, फोटोत पायऱ्यांवर पांढरे कोट, आणि कुंडीमागून अर्धे तुम्ही? तीच. ऐका… ही खरखर सगळ्यांनाच असते. थांबा…

येतंय का?… दादा?… अगं, काय म्हणतायत? गाण्यात ऐकू येत नाही… वेगात आहे? म्हणजे?… सूर चढलाय. अहो, ते म्हणतात तुमचा प्लेअर पळतोय… अगं, इथे दुकानदारांना राग आलाय. आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही म्हणतात. दादांना सांग, दुकानातला आहे, चालवून घ्या… नाही घेत? माझं क्लॅरिनेट असं पळत नव्हतं म्हणतात?… बरं, बरं.

थांबा. आपले हे टॉर्चवाले काहीतरी करतायत. फिरत्या थाळीच्या कडेला बोट टेकवलंय त्यांनी, अगदी हलकं… आता?… अजून थोडं?… अहो, अजून किंचित… आता?

हॅलो?… अगं, कोणीच का बोलत नाहीये?… टेबलावर? काय टेबलावर?… बोटं. वाजवतायत… उजव्या हाताची. हो. डावा मांडीवरच… बरं. तू पण बोलू नकोस. मी पण नाही बोलत.

…

नाही, टॉर्चवाले दमले नाहीत. मी विचारलं.

…

संपली ही बाजू. दादा?… काय म्हणाले?… दुसऱ्या बाजूला सगळे बेसूर आहेत. ढोलवाला तर तेव्हा लग्नाच्या घाईत होता… हं. आणि तरी लाव म्हणतात… लावतो. फोन खाली ठेवतो, उलटायला दोन्ही हात लाग… हं.

एकाच हाताने उलटतो. दादा, थांबा… नाही पडणार. टॉर्चवाल्यांचा एक मोकळा आहे.

बसली. लावतोय. ऐका… हॅलो?… अगं, येतंय का?… हॅलो?…

गेला वाटतं फोन… नाही, नाही, तुम्ही बोट काढू नका. आणि दुकानदार, तुम्ही फक्त सुई उचला. लागेल फोन परत. त्यांना अजून ढोलवाल्याला बोलायचंय.