देवळाचा व्हिसा

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मी अनंताची थोरली बहीण. मला माइकवर बोलायची सवय नाही. तरी उभी राहिलेय. रडायला नाही, रागानं.

आत्ता एकामागून एक सगळे म्हणाले, देवाची सेवा करता करता गेला, भाग्यवान मरण. नक्को, बाबांनो. असं म्हणू नका. माझा भाऊ देवापुढे नाही गेला. अमेरिकेतल्या त्या देवळाच्या स्वयंपाकघरात, कुणाच्या तरी लग्नाच्या पुऱ्या तळताना गेला.

तुम्ही त्याला ओळखत होतात. सुलतान बाजारातल्या कितीतरी दुकानांचं लक्ष्मीपूजन त्यानं केलं. तुमची मुलं कॉम्प्युटर शिकून तिकडे गेली. तिथे देऊळ झालं, देवळाला पुजारी हवा झाला. हे समोर बसलेले सुधाकरराव, आपल्या तारनाक्याचेच, तिथले विश्वस्त. ते घरी आले. म्हणाले, "अक्का, पुजाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा असतो. थोडी वर्षं काढू दे त्याला, मग ग्रीन कार्डाचं बघतो. वहिनी आणि मुलगीही येतील." आम्ही पेढे वाटले.

तिथे पोचल्याबरोबर विश्वस्तांनी त्याचा पासपोर्ट काढून घेतला. सकाळी अभिषेक, दुपारी फरशी पुसायची, संध्याकाळी विश्वस्तांच्या घरी पाहुण्यांचा स्वयंपाक. याला पूजा म्हणायचं? मी फोनवर म्हणायचे, "अनंता, दुसरं देऊळ बघ की." तो म्हणायचा, "अक्का, व्हिसा या देवळाचा आहे. हे सोडलं की देश सोडायचा."

मग सोड ना रे! ये परत! मी ओरडायचे.

"आता ग्रीन कार्डाचे कागद भरणार आहेत, अक्का. सुनंदाला कबूल केलंय मी." दर वेळी हेच. आता भरणार. आता भरणार. बायको इथे वाट बघत राहिली, आणि कागद कुणी भरलेच नाहीत.

मग छातीत दुखायला लागलं. सुधाकरराव, त्यानं तुम्हाला सांगितलं. तुम्ही काय म्हणालात, तेही त्यानं मला फोनवर सांगितलं. "गॅस असेल. एवढी लग्नं होऊन जाऊ द्या, मग डॉक्टरकडे नेतो." तो गुपचूप पुऱ्या तळायला गेला.

मान खाली घालू नका. अजून आहे.

आज सकाळी हे सुधाकरराव आमच्या घरी आले. वाटलं, सुनंदाला भेटायला आले. तिच्याशी दोन शब्द बोलले, आणि अनंताकडे शिकलेल्या केशवला गॅलरीत घेऊन गेले. "जागा रिकामी आहे. व्हिसाचं मी बघतो." अहो, सुतकातलं घर ते! आत त्याची बायको बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

केशव, तू लहान नाहीस. तुला संसार आहे. जायचं की नाही, तुझं तू ठरव. पण आधी इथे, सगळ्यांसमोर, यांना विचार. आजारी पडलो तर दवाखान्यात कोण नेणार? नाही पटलं तर दुसऱ्या देवळात जाऊ द्याल का?

जाऊ दे, मीच विचारते. सुधाकरराव, सांगा. आम्ही थांबलोय.

नाही? एक शब्दही नाही?

ठीक आहे. चला, उभे राहू या सगळे. तुम्हीसुद्धा, सुधाकरराव. आता गप्प राहायचं ते माझ्या भावासाठी.

अनंता, तू धाकटा. आजवर तू वाकायचास आणि मी डोक्यावर हात ठेवायचे. आज तुझी अक्का तुला हात जोडते.