आधी मला उतरव

बसथांब्याच्या बाकावर बसलेल्या शिंपीकाकांसमोरच पुढचं चाक पंक्चर झालेली गाडी थांबली. मुलगा जॅक घेऊन उतरला. म्हातारी आई आतच होती.

"आई, तू बसून राहा. तुझे गुडघे दुखतात."

"माणूस आत ठेवून गाडी उचलतात का रे?"

"तुझं वजन ते केवढं! चिमणीएवढं."

"चिमणी काय गप्प बसते? हँडब्रेक ओढलास?"

"ओढला."

"मागच्या चाकाला दगड?"

"लावतो गं. पण उतरताना तुला किती कळा येतात!"

"येऊ देत. गाडी जॅकवरून घसरली, तर मी आत गादीवर असेन, राजा. खाली कोण असेल?"

मुलाने जॅक बाजूला ठेवला, दार उघडलं आणि दोन्ही हात पुढे केले.

शिंपीकाकांनी बाकावरची पिशवी मांडीवर घेतली.

"या माउली, इथं सावलीत बसा."