कागदावरची तिसरी ओळ

— नाही, पयल्या दोन ओळी म्हणतो मी. धरती तापून राहिली म्हणतो, धान कापल्यावर तणस जाळू नका तेही म्हणतो — खोटं काय त्यात. तिसरी म्हणत नाही. खोडा ती. काय लिवलं तुमच्या सायबानं, वाचा पुन्हा — 'मी स्वतः माझ्या शेतात तणस जाळत नाही.' भुपेंद्रबाबू, मांगं वळून पाहा. तलावाच्या पाळीखाली काळं दिसते न, ती आमची धानाची बांधी. परवा माह्या जागेश्वरानं काडी लावली, तिसरा पोट्टा माहा. बैल होते तेव्हा तणस पुरत नव्हतं, आता हार्वेस्टर येते, अर्धं उभंच सोडून जाते — ते काय मी डोक्यावर घेऊन फिरू? काय म्हणता? खाट फिरवून घेऊ? म्हणजे मोबाईलमधी काळं येणार नाही. हं. हुशार आहा.

तो तुमचा सिनेमावाला, त्याचंही आयकलं मी. पडद्यावर दाखवलं न तुमी ग्रामपंचायतीत. साऱ्या जगाची गोठ करे — बर्फ वितळून राहिला, समुद्र चढून राहिला — अन् धान धान म्हणे अन् उभा होता गव्हात. माह्या जोडीचा टिकाराम म्हणे, याले एक दिवस पेंढ्या बांधाले लावा. लोक हासले, घरी गेले. म्हणून तुमी माह्याकडे आले — दंडारीतला राजा आहे, म्हातारा झाला, पण गाव त्याचं आयकते. बरोबर न? ज्यानं सांगतलं त्यानं अर्धंच सांगतलं.

असाच कागद होता. नसबंदीची धामधूम होती, मी अठ्ठावीस वर्साचा. दिवाळी झाली का मंडई भरे, गावची जत्राच ती; तिथं दंडारीचा खेळ उभा झाला का राजाचं सोंग माहं — साकोलीहून, लाखांदुराहून लोक बैलं जुंपून येत मले पाहाले. पोट्टे माह्यासारखा भांग पाडत. बाया लेकराचं नाव पुंडलिक ठेवत — सानगडीत पाहा, अजून चार पुंडलिक सापडतील, सारे पन्नाशीचे. तर एक सायेब आला. म्हणे, सरकारी माणसाचं कोणी आयकत नाही, तुमचं आयकतील. जगात माणसं जास्त झाली, खाले पुरणार नाही, दोन लेकरं बस, एवढं सांगा. सांगतो म्हटलं. अखेरच्या ओळीत लिवलं होतं — मी स्वतः करून आलो. म्हटलं, सायेब, मी तर गेलो नाही अजून. तो म्हणे, मंडई झाली का जा, आता म्हणून टाका, लोकाईले हिंमत येते.

म्हटलं मी. डोक्यावर मुकुट, हातात तलवार, दिवसाढवळ्या, दोन-तीन हजार माणसापुढे. टाळ्या पडल्या. पुढच्या आठवड्यात या गावचे अकरा जण गेले. टिकाराम सगळ्यात पयला.

मी? गेलो न. दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. आतून स्पिरिटचा वास आला, वापस आलो. भेलो. त्यात सांगासारखं काय आहे — सुईले भेलो. कोणाले सांगतलं नाही.

टिकारामचं वाईट झालं असं वाटते तुमाले? नाही जी. टिकारामचं भलं झालं. दोन पोरी, दोन्ही शिकल्या, एक जवाहरनगरात फॅक्टरीत आहे — क्वार्टर आहे, बापाले तब्येत दाखवाले नेते. अन् मले चार पोट्टे. सहा एकराच्या चार पट्ट्या झाल्या, ट्रॅक्टर वळत नाही त्यात. आयकणारा तरला. म्हणून मोठ्या माणसाचं आयकूच नये असं मी म्हणत नाही. गोठ खरी असली तर कोणाच्याही तोंडून येऊ द्या, घ्या. पण तो 'मी स्वतः' म्हणाला का मंग मी आयकत नाही. पयले त्याचं घर पाहू द्या म्हणतो. त्याच्या बोलण्याचं घरात कोण भोगून राहिलं ते पाहू द्या.

काय पाहून राहिले? चार कसे, हेच न. मोजलं तुमी. गावानंही मोजलं.

बायको घरी नाही म्हणून बोलतो. दोन पोट्टे होते तेव्हा. पुढच्या पावसाळ्यात धुरपताचं पोट दिसाले लागलं. आता पाहा — राजा साऱ्यापुढे म्हणाला, करून आलो. मंग पोट कोणाचं? धानाच्या रोवण्यात बाया ओळीनं उभ्या राहतात न चिखलात, तर तिच्या डाव्या बाजूले जागा खाली, उजव्या बाजूले खाली. दोन माणसाची जागा सोडून रोवत. दंडारीतल्या पेटीवाल्याचं नाव घेतलं लोकाईनं. तो गरीब माणूस, हात जोडून आला माह्याकडे — पुंडलिकभाऊ, तुमी तरी बोला. मी बिडी पेटवली. तो वरठीले निघून गेला, तिकडेच मेला. मी काय करत होतो? काही नाही. दोन शब्दाचं काम होतं — खोटं बोललो, पोर माहं आहे. सायेब म्हणे, बोलू नका, जे करून आले ते बिथरतील. मले बरंच झालं, सायबाचं नाव सांगता आलं. पण सायेब तर वर्सभरात बदलून गेला.

ती एकदाच म्हणाली. बाजेवर होती, जागेश्वर आठ दिवसाचा. म्हणे, लोकाईले सांगा न एकदा. म्हटलं, येत्या मंडईत सांगतो. मंडई आली, मुकुट घातला, राजाचं भाषण म्हटलं, उतरलो. घरी आलो तर तिनं जेवाले वाढलं. विचारलं नाही. त्यानंतर कधीच विचारलं नाही. पन्नास मंडया झाल्या असतील.

चौथा झाला तेव्हा लोक काय म्हणत माहीत आहे? राजा मोठ्या मनाचा, तरी नांदवून राहिला. माह्या पाया पडत. मी पडू दिलं. जागेश्वर पाहिला न तुमी — नाक माहं, चाल माही, आवाज माहा. गावाले डोळे नाही काय? आहेत. पण एकदा राजाचं आयकलं होतं न लोकाईनं. डोळ्याचं कोण आयकते मंग.

आता सांगा म्हणता? याच मोबाईलमधी? कोणाच्या कामाचं आहे ते... तिच्या. हो. तिच्या कामाचं आहे. तिच्या वयाच्या चार-पाच बाया आहेत अजून गावात.

लावा मंग. टोपी ठीक करू द्या. कुठं पाहू, इथं? तणसाचं नाही म्हणत मी आता. चालू झालं? बरं. गावकरी हो, माही बायको धुरपता —

थांबा. खाली ठेवा ते. खाली ठेवा म्हणतो न.

आली काय व? थैली दे इकडे. हे? हे तालुक्याचे बाबू होत. काही नाही व, तणसाचीच गोठ चालू होती. निघूनच राहिले ते.

उठा जी.