सॉनाबाहेरचा जावई

...आणि हे ऐका, आतून पुन्हा 'चुर्र' झालं. म्हणजे सासरेबुवांनी तापल्या दगडांवर आणखी एक ओगराळं पाणी ओतलं. आता ती वाफ वर चढत असेल, छताला लागून वळत असेल, वरच्या फळीवर बसलेल्यांच्या मानेवर हलकेच उतरत असेल, आणि मी? मी इथे बाहेर पायरीवर, कानटोपी घालून, चिमट्याने सॉसेज उलटतोय. बसा ना, उभे का? पायरी गार आहे, पण मला गारच सांगितली आहे. तुम्हाला सांगतो, आमच्या फिनलंडात माणसाला कंजूस म्हणा, घुम्या म्हणा, तो 'हं' म्हणेल आणि विसरून जाईल, पण त्याला शनिवारी संध्याकाळी सॉनाबाहेर बसवू नका हो...

आणि ही माझी दुसरी खेप आहे. पहिली खेप सांगतो, म्हणजे दुसरीचं दुःख तुमच्या ध्यानात येईल.

हिल्लाचं आणि माझं लग्न होऊन चार वर्षं झाली, पाळणा काही हलेना. तपासण्या सुरू झाल्या. कोणाच्या? हिल्लाच्या. रक्त हिल्लाचं, सोनोग्राफी हिल्लाची, आणि मी बाहेरच्या खुर्चीत मासेमारीचं जुनं मासिक वाचत, चेहऱ्यावर सहानुभूती. सहानुभूतीचा मला इतका सराव झाला होता की डॉक्टर लिंड्रूसबाई जेव्हा म्हणाल्या, "हिल्लाचं सगळं उत्तम आहे, आता यांचं बघू," आणि त्यांनी पेनाचं टोक माझ्या दिशेने केलं, तेव्हा मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

मग तो नमुना. घरून आणला तरी चालेल, पण तासाभरात पोचवा आणि गार होऊ देऊ नका, असं बाईंनी बजावलं. आता महिना जानेवारी. बाहेर अशी थंडी की नाकातले केस कडकड वाजतात. आणि त्या एवढ्याशा डबीला शरीराची ऊब हवी. गाडीत बसल्यावर हिल्ला विचारते, "कुठे आहे?"

"काखेत."

"नीट दाबून धर."

"धरलंय."

"मग गिअर कोण टाकणार?"

"तू."

तर अशी आमची स्वारी निघाली. आमच्याकडे गिअर चालकाच्या उजव्या हाताला असतो, तेव्हा सुकाणू माझं, गिअर तिचा, आणि उजवा हात छातीशी असा आवळलेला की जणू मी राष्ट्रगीताला उभा आहे. वाटेत पेट्रोल पंपावर सासऱ्यांचा शेजारी रेयनो भेटला. त्याने हात हलवला. मला हलवता येईना. त्या दिवसापासून रेयनो मला शिष्ट समजतो, आणि त्याचा गैरसमज दूर करावा तर कोणत्या शब्दांत करावा?

अहवाल आला. संख्या कमी. आणि जे आहेत त्यांच्याबद्दल बाई जरा थांबून म्हणाल्या, "ते फारशी धावपळ करत नाहीत."

हिल्ला म्हणाली, "म्हणजे यांचेच आहेत."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "सॉनाला जाता?"

आता हा काय प्रश्न झाला? श्वास घेता का, असंच विचारण्यासारखं आहे. म्हटलं, "जातो."

"किती वेळा?"

"हिवाळ्यात जवळपास रोज. उन्हाळ्यात मोजत नाही."

"गाडीची सीट तापवता?"

"बाई, जानेवारी आहे."

"लॅपटॉप कुठे ठेवून काम करता?"

मी माझ्या मांडीकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. हिल्लानेही पाहिलं. आणि मग बाई ते दोन शब्द बोलल्या, जे तेव्हापासून माझ्या कपाळावर कोरले गेले आहेत: "थंड ठेवा."

मी म्हटलं, "बाई, मी तलावांच्या बर्फावर संशोधन करतो. डॉक्टरेटच त्यावर आहे. सकाळपासून गोठलेल्या तलावावर उभा राहून बर्फाची जाडी मोजतो. माणसाने याहून थंड ते काय ठेवायचं?"

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी... ऊब घ्यायला सॉनात जातो."

"थंड ठेवा."

पुढचं मात्र त्यांनी नीट समजावलं, ते मी तुम्हाला तसंच सांगतो, कारण अशा बाबतीत अर्धवट माहिती वाईट. रस्ते दोन. एक, लगेच प्रयोगशाळेचा उपचार: हिल्लाने रोज इंजेक्शनं घ्यायची, तिची बीजं बाहेर काढायची, आणि प्रत्येक बीजात एकेक शुक्राणू सुईने सोडायचा. दुसरा, काही महिने थांबायचं. नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, तेव्हा तीन महिने उष्णता टाळायची आणि पुन्हा तपासायचं. "खात्री देत नाही," बाई म्हणाल्या. खात्री न देणारा माणूस मला फार आवडतो. मीही आयुष्यात कशाची दिलेली नाही.

गाडीत हिल्ला बराच वेळ काचेवरचं दव पुसत राहिली. मग म्हणाली, "ओत्सो, सुया टोचायच्या त्या मला. टोचून घेईन, पळणार नाही. पण त्याआधी तीन महिने तू फळी सोड. आणि आईबाबांना यातलं अक्षर कळता कामा नये."

म्हटलं, सोडली.

आता नेमक्या त्याच हिवाळ्यात सासरेबुवांनी, तायस्तोंनी, तलावाकाठी नवा सॉना बांधून पुरा केला होता. हाच तो. ओंडका न् ओंडका स्वतः तासलेला, फळ्या अशा घासलेल्या की हात फिरवावा. पहिल्या शनिवारी त्यांनी दारात उभं राहून आयुष्यातलं सर्वांत मोठं भाषण केलं: "चाळीस वर्षांत एकच हिवाळा मी सॉनाशिवाय काढला. तेव्हा जुन्या सॉनाचं धुराडं तडकलं होतं. हे तडकणार नाही. ओत्सो, वरची फळी तुझी."

मी म्हटलं, "मला सर्दी आहे."

"सर्दी? मग वरच बस."

पुढच्या शनिवारी माझी पाठ धरली. "पाठ? वरच्या फळीवर आडवा हो." त्याच्या पुढच्या शनिवारी अंगावर पुरळ उठलं, म्हणजे मी उठवलं, तोंडी. तर ते कपाटातून डांबराचा साबण घेऊन आले आणि आमची जुनी म्हण ऐकवली: सॉना, दारू आणि डांबर, यांनी जो बरा होत नाही तो मरणारच. मी वैतागून बोलून गेलो, "मग मी मरणारच असं समजा." सासूबाईंच्या हातातला सूपाचा डाव खाली पडला.

घरी हिल्ला म्हणते, "तुला साधं खोटं बोलता येत नाही?"

म्हटलं, "बोलतो, पण पुराव्यांनिशी बोलायची सवय आहे ना."

"डोकं थंड ठेव."

म्हणजे तेही.

तुम्हाला सांगतो, माणूस जेवायला नाही म्हणाला तर त्याचं पोट बिघडलं आहे असं धरतात. पण सॉनाला नाही म्हणाला तर त्याची दानत बिघडली आहे असं धरतात. आणि या घरात दाखला हजर होता. तायस्तोंच्या बहिणीचा नवरा एकदा असाच हिवाळाभर सॉना टाळत राहिला, आणि बर्फ वितळल्यावर बॅग घेऊन निघून गेला. तेव्हा चौथ्या शनिवारी मी दाराबाहेर बूट घालत असताना स्वयंपाकघरातून सासूबाईंचा, पिर्कोंचा, आवाज येतो:

"हिल्ला, खरं सांग गं. दुसरं कोणी आहे का?"

"दुसरं कोण, आई?"

"दुसऱ्या कोणाचा सॉना."

माझा एक बूट हातातच राहिला. एवढा पस्तिशीचा माणूस, संशोधक, आणि कुठल्या तरी परक्या बाईच्या सॉनात चोरून वाफ घेतो असा आरोप? मी, ज्याने महिनाभर वाफ पाहिली ती फक्त कॉफीच्या कपावरची?

दुसऱ्या दिवशी सासरेबुवांचा फोन. "मासे धरायला चल." एवढंच. आमच्याकडे सासरा जावयाला बर्फावर मासे धरायला एकटा बोलावतो तेव्हा मासे हा विषय नसतो.

गेलो. त्यांनी गिरमिट फिरवून बर्फाला दोन भोकं पाडली. एकावर ते बसले, एकावर मी. गळ सोडले. बसलो. खूप वेळाने ते म्हणाले, "बर्फ धरेल का?"

"सध्याच्या मोजमापांवरून तसं म्हणायला हरकत नसावी."

"हो की नाही?"

"हो."

एक कावळा येऊन गेला.

"आणि संसार?"

म्हटलं, "तोही धरेल."

"सध्याच्या मोजमापांवरून?"

आणि हे विचारताना त्यांनी टोपी काढून हातात घेतली हो. या माणसाने घरचा कुत्रा गेला तेव्हाही फक्त पट्टा खुंटीला लावला होता. आणि मला एकदम कळलं की यांना सॉनाचं काही पडलेलं नाही, यांना आपली मुलगी दिसते आहे. मग मी त्या भोकाकडे बघत सगळं सांगितलं. काख, डबी, धावपळ न करणारे ते, लिंड्रूसबाई, सुया, तीन महिने, सगळं. त्यांनीही त्यांच्या भोकाकडे बघत सगळं ऐकलं.

मग म्हणाले, "तीन?"

"तीन."

"हं. मला चार सांगितले होते."

मी वर पाहिलं. ते पाहत नव्हते.

"हिल्लाच्या आधी," ते म्हणाले. "तेव्हा असलं कोणाला सांगायची सोय नव्हती." आणि मग गळ जरा वर ओढून, "धुराडं आपोआप तडकत नाही, ओत्सो. हातोडा लागतो."

"सासूबाईंना ठाऊक आहे?"

"तिला वाटतं थंडीने तडकलं. हातोडा मात्र अजून शोधते."

"कुठे आहे?"

त्यांनी बोट सरळ खाली, भोकात दाखवलं.

पुढच्या शनिवारी काय झालं? मी सर्दीची सबब सांगू की पाठीची या विचारात अंगणात शिरतो, तर सासरेबुवा काजळीने काळ्याभोर झालेल्या चेहऱ्याने दारात उभे. "धुराडं तडकलं." नवंकोरं धुराडं. तीस वर्षं मनात बांधलेला सॉना, आणि महिन्यात बंद. रेयनो धावत विटा घेऊन आला. हे म्हणतात, "या विटा चालणार नाहीत." दुसऱ्या आणल्या. "याही नाहीत." रेयनो म्हणाला, "अरे, मग कसल्या हव्यात?" तर हे म्हणतात, "मे महिन्यात मिळतात तसल्या."

सासूबाईंनी धुराड्याकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, जरा जास्तच वेळ. आत गेल्या, सुया काढल्या आणि विणायला बसल्या. अंगठ्यावर बसेल एवढा मोजा. मी विचारलं, "हे काय?" तर म्हणतात, "लोकर उरली होती." आणि मग नवऱ्याला, मान वर न करता, "तायस्तो, या वेळी हातोडा जागच्या जागी ठेव."

मग तीन महिने तो माणूस माझ्यासोबत या पायरीवर बसला. याच. स्वतःचा सॉना पाठीमागे, थंडगार. दर शनिवारी. मी म्हटलं, "तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलेलं नाही." ते म्हणाले, "एकट्याने बसायला पायरी लांब आहे."

मे महिन्यात पुन्हा काख, पुन्हा डबी, पुन्हा गिअर हिल्लाचा. या वेळी पंपावर मीच रेयनोला डाव्या हाताने सलाम केला, आणि गाडी खड्ड्यात जाता जाता वाचली. अहवालात सुधारणा. पूर्ण नव्हे, पण सुधारणा. ती उष्णता टाळल्यानेच झाली असं मी ठामपणे म्हणणार नाही, एका माणसावरून निष्कर्ष काढू नये. पण बाई म्हणाल्या की बीजं काढण्याची घाई आता नको, निवडक शुक्राणू गर्भाशयात सोडून बघू. सौम्य मार्ग. पहिला प्रयत्न फसला. त्या रविवारी हिल्लाने दिवसभर लाकडं फोडली आणि मी ती रचत गेलो. दुसऱ्या प्रयत्नानंतर एका सकाळी ती न्हाणीघरातून बाहेर आली, हातात ती पट्टी.

"दोन रेघा," ती म्हणाली.

म्हटलं, "एकाच चाचणीवरून..."

"ओत्सो."

"हो."

"गप्प बस."

गप्प बसलो. डोळ्यांतून जे काही आलं ते चांगलंच गरम होतं. लिंड्रूसबाईंना सांगितलं नाही.

धुराडं सासरेबुवांनी त्याच दुपारी जोडलं. रेयनोच्याच पहिल्या विटांनी. आणि मी वरच्या फळीवर असा बसलो, असा बसलो, की हिल्लाने दार ठोठावून विचारलं, "जिवंत आहेस ना?"

आता तुम्ही म्हणाल, मग झालं की सगळं छान, हा गृहस्थ डिसेंबरात पुन्हा बाहेर कशाला? सांगतो ना. आमची सायमी नऊ महिन्यांची झाली, आणि आज तिचा पहिला सॉना. आजोबांनी सकाळपासून आच मंद ठेवली, आजीने टोपी विणली, मी नवा टॉवेल आणला. मी पायरीवर पाय ठेवणार एवढ्यात हिल्ला, लेकीला कडेवर घेऊन, अगदी गोड आवाजात, "ओत्सो, ही एकटीच वाढणार का रे?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"मी लिंड्रूसबाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, मागच्या वेळेसारखंच..."

पुढचं मीच म्हटलं. पाठ आहे मला.

सासरेबुवांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "धुराडं?" म्हटलं, राहू द्या, आता लपवायचं काय आहे, रेयनोलासुद्धा सगळं सांगून टाकलं. त्यांनी मान हलवली, आतून चिमटा आणि सॉसेजची परडी आणून माझ्या हातात दिली, आणि नातीला घेऊन आत गेले.

ऐका... ती हसतेय. जेमतेम दोन दात आहेत, पण हसणं बघा, खालच्या फळीवरून वरच्या फळीपर्यंत. आणि आजोबा तिला विचारतायत, "ही वरची जागा कोणाची? बाबाची. आणि बाबा कुठे आहे?"

बाबा इथे आहे, बाळा. भावंड आणतोय.

घ्या, तुम्ही सॉसेज घ्या, मस्त गरम आहे. माझं? माझं तिथे बर्फावरच राहू द्या... थंड ठेवा.