हजेरीपटावरची सही

— नाही अवधूत सर, फॉर्म भरू, मी सांगते, तुम्ही लिहा, पण खरं सांगायचं की तुम्हाला आवडेल ते? खारघरला एसीत बसून पोलिसांना दर तीन महिन्यांनी काय शिकवायचं ते ठरवताय, ठरवा — पण वर्गात येऊन बसतं कोण, ते विचारलंत कधी? आमच्या पनवेलच्या ठाण्यातून प्रत्येक कोर्सला काळूराम. सायबर — काळूराम. प्रथमोपचार — काळूराम. का? गुडघे गेलेत त्याचे, बंदोबस्ताला उपयोग नाही, म्हणून पाठवा त्याला! सर्टिफिकेटांनी कपाट भरलंय आणि काम काय, तर टपाल. इथं तक्रारी घ्यायला बसते मी — मला कोण सोडतंय?

काय? यादीत माझं नाव आहे? नवीन कायद्यांचा वर्ग, तीन दिवस हजर? असणारच. सही मीच केली ना! तिन्ही दिवसांची एकदम, सभेच्या बंदोबस्तावर, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून. साहेब म्हणाले, नीताबाई, वरून शंभर टक्के हजेरी मागितलीय. केली. सगळेच करतात — असं बघू नका माझ्याकडे.

त्याच वर्गात होतं म्हणे — हद्द कुठलीही असो, तक्रार आधी लिहून घ्यायची, मग तिकडे पाठवायची. माझ्या कानावरून गेलेलं, बस. आणि पंधरा दिवसांनी आपटा गावच्या सखूबाई आल्या. 'बाय, माजी पोर सकालपासून नाय. चौदा वर्षांची हाय, पनवेलला क्लासला आलेली.' वीस वर्षांची सवय जिभेला — म्हटलं, आपटा आमच्या हद्दीत नाही, तिकडच्या ठाण्यात जा. गेल्या. हात जोडून गेल्या हो! तेव्हा दुपारचे दोन. आणि पोरगी — नंतर कॅमेऱ्यात दिसली — साडेचारपर्यंत एसटी स्टँडवर बसलेली. इथून दहा मिनिटं, सर. चालत!

सापडली का? सात महिने झाले. सखूबाई येतात अधूनमधून, तुम्ही बसलात तिथंच बसतात. एकदा तरी ओरडाव्यात ना माझ्यावर! नाही ओरडत.

पेन का थांबलं? 'प्रशिक्षणाचा कामात उपयोग झाला का' — तुमचाच प्रश्न आहे ना? लिहा, हवालदार नीता म्हात्रे, सही केली, शिकली नाही. नावानिशी लिहा. नाही लिहिणार? तुमच्या साहेबांना विचारून लिहिणार? मग आलात कशाला मरायला इथं — उठा. उठा म्हणते ना, खुर्ची सोडा ती!

या सखूबाई, बसा. ...नाही हो. आज पण नाही.